नवऱ्याची जुनी सर्दी-कफ आणि शुक्राणूंची हालचाल ०% : दोन्हीचं मूळ एकच असेल का?

नमस्कार मंडळी,

लग्नाला चार वर्षं झाली. माझे रिपोर्ट नॉर्मल आहेत. नवऱ्याच्या (वय ३४) वीर्यतपासणीत काउंट चांगला, पण हालचाल ०%. दुसऱ्या लॅबमध्येही तेच. शुक्राणू जिवंत आहेत, नुसते हलत नाहीत, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या.

ह्यांना लहानपणापासून बारमाही सर्दी. सकाळी दहा-पंधरा मिनिटं बेसिनपाशी कफ काढल्याशिवाय चहा घेत नाहीत. शाळेत असताना टीबीचा कोर्स दिला होता, टीबी मात्र कधी सापडला नाही. आणि ह्यांचं हृदय उजवीकडे आहे. नोकरीच्या मेडिकलला टेक्निशियनला वाटलं फिल्मच उलटी लागली, त्याने एक्स-रे पुन्हा काढला होता.

वंध्यत्वाच्या डॉक्टरांनी खोकल्याचं विचारलं नाही, छातीच्या डॉक्टरांनी मुलाबाळांचं. वाचता वाचता मलाच कार्टाजेनर सिंड्रोम सापडला. जुनाट सायनस, ब्राँकिएक्टॅसिस (फुप्फुसातल्या श्वासनलिका कायमच्या रुंदावणं) आणि उलट्या बाजूचे अवयव हे त्रिकूट कार्टाजेनर यांनी १९३३ मध्ये मांडलं. १९७६ मध्ये स्वीडनच्या अफ्झेलियस यांनी त्याचं कारण दाखवलं. श्वासनलिकेतला कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस आणि शुक्राणूची शेपटी आतून सारख्याच घडणीची असतात; त्यांना हलवणारे डायनीन नावाच्या प्रथिनाचे हात नसले की दोन्ही थिजतात. ते वाचून रात्रभर झोप लागली नाही. सासूबाई अजून लहानपणीच्या दही-केळ्यांना दोष देतात, आणि हे स्वतःला.

डॉक्टर थेट इक्सी (लॅबमध्ये एक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडणं) करा म्हणतात. हलणारा एकही शुक्राणू नसताना जिवंत कोणता हे पाहून निवडतात, त्यासाठी हॉस टेस्ट (पातळ द्रावणात जिवंत शुक्राणूची शेपटी फुगते का ते पाहणं) असते असं वाचलं. कोणी यातून गेलंय का? आधी छातीचा सीटी आणि जनुकतपासणी करून घ्यावी का?

हा आजार बहुतेक वेळा आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो. सासूबाई सासऱ्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमचं नात्यातलं लग्न नाही, तरी माझीही तपासणी लागेल ना? नणंदेलाही असाच कफ आहे, तिचं लग्न ठरतंय. तिच्याशी हा विषय कसा काढू?

गुरुवारी छातीच्या डॉक्टरांकडे जायचंय. या वेळी दोन्ही फाइली सोबत नेणार आहे. त्यांना काय काय विचारू, तेवढं त्याआधी सांगा.