शब्दचर्चा : ‘मोनो पॉवर अ‍ॅम्प्लिफायर’ला मराठीत काय म्हणावे आणि तो निवडताना कोणता शब्द कसा वाचावा?

नौपाडा, ठाणे येथून प्रश्न

सप्रेम नमस्कार. हॉलमधील दोन बुकशेल्फ स्पीकरांसाठी, प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र एक, असे दोन लहान मोनो पॉवर अ‍ॅम्प्लिफायर घेण्याचा विचार आहे. घरी वडिलांनाही ते वापरता यावेत म्हणून जोडणीचे एक पान मराठीत लिहायला घेतले आणि पहिल्याच ओळीत अडलो. ‘ध्वनिवर्धक’ लिहावे, तर वडिलांच्या डोळ्यांपुढे मंडपाच्या खांबाला बांधलेला कर्णा येतो. ‘मोनो’ लिहावे, तर ते विचारतात की स्टीरिओ येऊन इतकी वर्षे झाली, आता पुन्हा मोनोकडे कशाला जायचे? जाहिरातींतील वॉटचे आकडे तर एकमेकांशी जुळतच नाहीत. या शब्दांचे नेमके अर्थ जाणकारांनी सांगितले, तर पानही पुरे होईल आणि खरेदीही डोळसपणे करता येईल.

ऐरोली येथून

‘ध्वनिवर्धक’ या शब्दाविषयीची आपली अडचण रास्त आहे. व्यवहारात हा शब्द लाउडस्पीकरसाठी पक्का झाला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांसंबंधीच्या बातम्यांत, म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील बंदीच्या संदर्भात, ‘ध्वनिवर्धक’ म्हणून ज्याचा उल्लेख येतो तो लाउडस्पीकरच असतो; अ‍ॅम्प्लिफायरची खोकी कोणाच्या मनातही नसते. शास्त्रीय लेखनासाठी मराठी विश्वकोशाने रुळवलेला ‘विवर्धक’ हा शब्द नेमका आहे, कारण विवर्धन होते ते विद्युत संकेताचे, ध्वनीचे नव्हे; ध्वनी पुढे स्पीकरमध्ये निर्माण होतो. ‘प्रवर्धक’ हा हिंदीतील पारिभाषिक शब्द आहे, तो आपण घेण्याचे कारण नाही.

‘मोनो’चा गोंधळ मात्र शब्दाचा नसून तो कशाला लावला आहे याचा आहे. जुन्या रेडिओच्या बाबतीत ‘मोनो’ हे ध्वनिमुद्रणाचे किंवा प्रक्षेपणाचे विशेषण होते : सगळे वादक आणि गायक एकाच संकेतात मिसळलेले. मोनो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते यंत्राचे विशेषण आहे : या खोक्यात एकच वाहिनी (चॅनेल) आहे, एवढेच. डाव्या वाहिनीला एक आणि उजवीला एक असे दोन खोके लावले की ऐकू येणारा ध्वनी पूर्णपणे स्टीरिओच असतो. ‘स्टीरिओ’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही ‘दोन’ असा नसून ‘घन, भरीव’ असा आहे, हे वडिलांना सांगून पाहावे. पानावर ‘एकवाहिनी विवर्धक (डावा)’ आणि ‘एकवाहिनी विवर्धक (उजवा)’ असे लिहिल्यास शंकेला जागा उरणार नाही.

कोपरखैरणे येथून

‘एकवाहिनी विवर्धक’ विश्वकोशात शोभेल, पण मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो मागितल्यास दुकानदार पाण्याच्या पंपांकडे बोट दाखवील. घरच्या पानावर ‘डावा अ‍ॅम्प’ आणि ‘उजवा अ‍ॅम्प’ पुरे आहे.

नेरूळ येथून

वरील दोन्ही मतांशी मी सहमत आहे. फक्त ‘पॉवर’ आणि ‘वॉट’ या दोन शब्दांवर थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसे याच शब्दांपायी वाया जातात.

‘पॉवर अ‍ॅम्प्लिफायर’ म्हणजे दणकट अ‍ॅम्प्लिफायर असा समज आढळतो, तो चुकीचा आहे. साखळीतील स्थानावरून पडलेले हे नाव आहे. आधीचा टप्पा, ज्याला प्रीअ‍ॅम्प म्हणतात, तो स्रोत निवडतो आणि आवाजाची पातळी ठरवतो. पॉवर अ‍ॅम्प स्पीकर हलवण्यासाठी लागणारा व्होल्टदाब आणि प्रवाह पुरवतो. पाच वॉटचाही पॉवर अ‍ॅम्प असू शकतो. या भेदाचा खरेदीशी थेट संबंध आहे : अशा पुष्कळ लहान खोक्यांवर आवाज कमी-जास्त करण्याचे बटणच नसते, आणि जिथे असते तिथे दोन खोक्यांची दोन बटणे तंतोतंत सारखी लावणे हा रोजचा व्याप होऊन बसतो. म्हणून आपल्याकडे व्हॉल्यूम असलेला डॅक (डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतर करणारे उपकरण) किंवा प्रीअ‍ॅम्प आहे ना, हे आधी पाहावे.

आता वॉट. ‘पीएमपीओ’ (क्षणभराची कमाल शक्ती म्हणून छापली जाणारी) या अक्षरांपुढचा आकडा वाचूच नये. त्याच्या मोजणीला सर्वमान्य पद्धत नाही. ‘आरएमएस वॉट’ हा प्रयोग रूढ असला तरी काटेकोरपणे सदोष आहे, कारण आरएमएस मूल्य (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) व्होल्टदाबाचे किंवा प्रवाहाचे घेतात आणि त्यावरून निघते ती सरासरी शक्ती. तरीही तो आकडा उपयोगाचा असतो, मात्र त्यासोबत किती ओहमला आणि किती विरूपणाला हे लिहिलेले असले तरच. विरूपण म्हणजे आपण ज्याला आवाज फाटणे म्हणतो त्याचे मोजमाप. दहा टक्के विरूपणावर दिलेला आकडा एक टक्क्यावरच्या आकड्यापेक्षा सुमारे चतुर्थांशाने मोठा दिसतो आणि जाहिरातीत बहुधा तोच मोठ्या टायपात असतो.

या आकड्याची परीक्षा घरबसल्या करता येते. हे लहान अ‍ॅम्प बहुतेक ‘क्लास डी’ पद्धतीचे आणि ब्रिज जोडणीचे, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारांना संकेत देणारे, असतात. (यातील ‘डी’ हे ‘डिजिटल’चे आद्याक्षर नाही, ए, बी, सी यांनंतरचे पुढचे अक्षर आहे.) अशा रचनेत स्पीकरला मिळणारा सर्वोच्च व्होल्टदाब अ‍ॅडॉप्टरच्या व्होल्टइतकाच असू शकतो. म्हणून अ‍ॅडॉप्टरच्या व्होल्टचा वर्ग करावा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागावे. ४८ व्होल्टला ८ ओहमवर १४४ वॉट येतात, ३२ व्होल्टला ६४ आणि २४ व्होल्टला अवघे ३६. आवाज न फाटता मिळणारी ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात थोडे कमीच मिळते. २४ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरसह ‘८ ओहमला १०० वॉट’ असे लिहिलेले असेल, तर तो माल परत ठेवावा.

प्रत्यक्ष गरज किती, हेही पाहू. स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल असेल, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर ८६ डेसिबल, तर नेहमीच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये अडीच-तीन मीटरवर दोन स्पीकर मिळून ८० डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो. तबल्याची थाप किंवा ताशांचा कडकडाट ९५ डेसिबलपर्यंत स्वच्छ यावा असे वाटत असेल, तर १५ डेसिबल अधिक लागतात, म्हणजे शक्ती सुमारे ३२ पट : प्रत्येक स्पीकरला तीसेक वॉट. शेजारी भिंतीला भिंत लावून राहत असताना याहून फार वर जाण्याचा प्रसंग येत नाही. शंभर वॉटचा अ‍ॅम्प दोनशेचा केला तर वाढतात ३ डेसिबल, आणि कानाला दुप्पट वाटावे यासाठी साधारण १० लागतात. यावरून त्या दुप्पट किमतीची योग्यता ठरवावी.

नौपाडा, ठाणे येथून प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. माझे स्पीकर ४ ओहमचे आहेत आणि त्यांच्या माहितीपत्रकात ‘संवेदनशीलता ८७ डेसिबल, २.८३ व्होल्ट’ असे लिहिले आहे. हे वॉटऐवजी व्होल्ट कशासाठी? ओहमला ‘रोध’ म्हणावे की ‘संरोध’? आणि दोन अ‍ॅम्पना मिळून एकच मोठा अ‍ॅडॉप्टर घेतल्यास चालेल का?

वाशी येथून

ओहम हे एकक आहे. ते रोधाचेही (रेझिस्टन्स) आणि संरोधाचेही (इम्पीडन्स). स्पीकरच्या बाबतीत ‘संरोध’ योग्य, कारण तो कंप्रतेनुसार (फ्रिक्वेन्सीनुसार) बदलतो. पाठीवर ‘४ ओहम’ लिहिलेला स्पीकर काही कंप्रतांना साडेतीनपर्यंत खाली येतो आणि काहींना वीस ओहमही दाखवतो; म्हणून त्या आकड्यामागे ‘नामीय’ (नावापुरता ठरवलेला) हे विशेषण मनातल्या मनात जोडावे.

२.८३ व्होल्टचा वर्ग ८ होतो. म्हणजे ८ ओहमवर तो बरोबर १ वॉट, पण आपल्या ४ ओहमच्या स्पीकरवर २ वॉट. त्यामुळे आपली वॉटनिहाय संवेदनशीलता ८७ नसून ८४ धरावी आणि नेरूळकरांच्या हिशेबातील तीस वॉटांच्या जागी पन्नास ठेवावेत. त्याच व्होल्टदाबाला ४ ओहमवर प्रवाहही ८ ओहमच्या दुप्पट लागतो, म्हणून अ‍ॅडॉप्टरचे अँपिअर इथे व्होल्टइतकेच महत्त्वाचे ठरतात. ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर २४० वॉट देतो. तो दोघांत वाटला तरी आपली पन्नास-पन्नासची गरज सहज भागते, मात्र उत्पादकाने तशी जोडणी चालते असे स्पष्ट लिहिलेले असावे. माझा कल दोन स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरांकडे आहे. एक बिघडला तर निदान एक बाजू वाजत राहते.

वडिलांच्या पानासाठी एक सूचना मात्र मी ठळक अक्षरांत लिहीन. ब्रिज जोडणीच्या अ‍ॅम्पवर काळ्या रंगाचे टर्मिनल म्हणजे ‘अर्थ’ नव्हे. तिथेही संकेत असतो. दोन अ‍ॅम्पची काळी टर्मिनले एकमेकांना जोडू नयेत आणि त्यांतले एकही चासीला (धातूच्या सांगाड्याला) किंवा अर्थिंगला लावू नये. तसे केल्यास अ‍ॅम्प बंद पडतो, क्वचित जळतोही. पानावर ‘उणे’ लिहावे, ‘अर्थ’ हा शब्द टाळावा.

राहिला ‘गेन’, म्हणजे संकेत किती पट वाढतो याचे माप. पुस्तकी शब्द ‘लाभ’ आहे, पण पानावर ‘गेन’च राहू द्यावा, कारण खोक्यावर तोच छापलेला असतो. २६ डेसिबल गेन म्हणजे व्होल्टदाब वीसपट. आपला डॅक २ व्होल्ट देत असेल तर त्यातून ४० व्होल्ट मागितले जातात, आणि ४८ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर आवाज फाटण्याआधी मिळतात फार तर ३४ (हे आरएमएस मूल्य; त्याचे शिखर ४८ व्होल्ट). गेनची कळ दोन स्थानांची असेल तर खालचे स्थान निवडावे. शांत प्रसंगी स्पीकरमधून येणारी सूक्ष्म खरखरही त्याने कमी होते. दोन्ही खोक्यांवर ती कळ एकाच स्थानावर आहे ना, एवढे जोडणीच्या दिवशी तपासून घ्यावे, नाहीतर गायक डावीकडे सरकलेला ऐकू येईल आणि वडील पुन्हा विचारतील की हे स्टीरिओ कसले.