गुडघ्यांच्या संधिवातासाठी खुर्ची कशी निवडावी?

प्रश्न (अमळनेर): आईच्या दोन्ही गुडघ्यांना संधिवात असून प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठताना ती एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरते. जळगावला एक मऊ सोफा-खुर्ची पाहिली आहे. ती घ्यावी का?

उत्तर (चोपडा): ताई, ती घेऊ नका. मऊ गादी दबली की गुडघे कमरेच्या वर जातात आणि उठताना सारा भार गुडघ्यांवरच येतो. आई घरात जी चप्पल घालतात ती घालूनच गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. बैठक त्याहून इंचभर उंच आणि घट्ट असावी, मात्र तळपाय जमिनीवर पूर्ण टेकायला हवेत.

उत्तर (शहादा): माझ्या मते खुर्चीचे हात त्याहून महत्त्वाचे आहेत. ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले असावेत, आणि बोटेही दुखत असतील तर रुंद व गोलसर कडांचे असावेत, म्हणजे मूठ न वळता तळव्याने रेटा देऊन उठता येते. चाकांची खुर्ची नकोच.

उत्तर (धुळे): घरात जुनी सागवानी हातांची खुर्ची असल्यास सुताराकडून तिच्या पायांना ठोकळे पक्के बसवून घ्या; नुसत्या विटा ठेवू नका, त्या सरकतात. आणि अर्ध्या तासाने आईंना उठवून चार पावले चालवा, नाहीतर सांधे आखडतात.