लिंबाचा वास आणि आंबटपणा

लिंबू-संत्र्याच्या स्वादाच्या काळ्या चहात दूध घातलं की नासतंच, असं काही जण म्हणतात. सरसकट तसं नाही. दूध नासवतं ते रसातलं आम्ल. वास येतो तो सालीतल्या तेलाचा. अर्ल ग्रे या काळ्या चहाचा स्वाद बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीच्या तेलाचा, म्हणून त्यात दूध खुशाल चालतं. मिश्रणात सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबाच्या रसातलं तेच आम्ल, असेल तर मात्र दुधाचा नाद सोडा. खूण हवी असेल तर रंग बघा: लिंबू पिळलं की काळा चहा लगेच फिका पडतो, नुसत्या सालीने नाही.

माझ्या चहाच्या पुडीत संत्र्याची साल, गवती चहा आणि पुदिना आहे. पहिल्या घोटाला यात लिंबू आहे अशी पैज लावली असती, पण यादीत त्याचं नावच नाही! सगळा प्रताप गवती चहाचा. लिंबाच्या सालीतलं सिट्रल हे वासाचं द्रव्य त्याच्या पातीत भरपूर असतं. पुदिना उशिरा येतो, घोट गिळल्यावर घशाशी गार लागतो. एकदा फोनच्या नादात दहा मिनिटं पानं तशीच राहिली, तर असा कडवटपणा उतरला की साखरही हरली. आता तीनच मिनिटं, तीही झाकण ठेवून.