'प्राइस'ला मराठीत एकच शब्द नेमावा का? भाव, दर, किंमत, मोल, मूल्य

कृष्णाकाठ
सांगलीकडच्या शेतमाल खरेदीचा तक्ता इंग्रजीतून मराठीत आणताना 'प्राइस'च्या रकान्यावर काय लिहायचं, यावरून नेहमी घोळ होतो. शब्दकोशात किंमत, भाव, दर, मोल, मूल्य हे पाचही एका ओळीत बसलेले असतात, जणू कुठलाही उचलला तरी चालेल. माझ्या मते चालत नाही. हळदीच्या सौद्यात पुकारतात तो दर. "राजापुरी हळदीला आज काय निघालं?" असं विचारतात तो भाव. दुकानातल्या हळदपुडीवर छापतात ती किंमत. अदलाबदल करून बघा. 'कमाल किरकोळ भाव' म्हटलं तर पुडीवरचा आकडा उद्या हलेल असं वाटतं.
कसोटी साधी आहे. आकडा एककामागे असेल तर दर, अख्ख्या वस्तूचा असेल तर किंमत, आणि रोज चढउतार होत असेल तर भाव.

शब्दखोर
कसोटी झकास, पण ती सरकारदरबारीच मोडलेली आहे. किमान आधारभूत किंमत क्विंटलमागे जाहीर होते, तरी ती 'किंमत'. तिलाच बोलताना हमीभाव. ती सुचवतो कृषिमूल्य आयोग. कारखान्यानं उसाला किमान द्यायचा तो आकडा म्हणजे एफआरपी, तिला बहुतेक 'रास्त व किफायतशीर दर' छापतात. एकाच कारभारात एका प्राइसला चार शब्द झाले. अर्थ काही चार नाहीत, सवयी चार आहेत. तक्त्याला सवयी नकोत. 'किंमत' हा सगळ्यांना कळणारा शब्द, तोच सगळीकडे ठेवा.

पट्टीवाला
शब्दखोर, अडत्याची हिशोबपट्टी समोर ठेवून बोलूया. समजा १२ पोती हळद, निव्वळ वजन ६ क्विंटल ६० किलो, दर १४,०००. रक्कम झाली ९२,४००. त्यातून हमाली-तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याच्या हातात पडेल ती निव्वळ रक्कम. आता तिसऱ्या रकान्यावर 'दर'ऐवजी 'किंमत' लिहा. नवा कारकून "मालाची किंमत ना?" म्हणून तिथं ९२,४०० भरणार. तक्ता त्याला पुन्हा ६.६ नं गुणणार आणि साडेसहा क्विंटल हळदीचे ६,०९,८४० रुपये दाखवणार. चूक कारकुनाची नाही, मथळ्याची आहे.
आणि नुसता 'दर' लिहूनही भागत नाही. आपल्या जिल्ह्यात हळद क्विंटलला, बेदाणा किलोला, द्राक्षं चार किलोच्या पेटीला आणि ऊस टनाला. २०२५-२६ ची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये, उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, १०.२५ टक्के धरून. शिवारात तीच '३,५५०' असते, कारण तिथं टनाशिवाय कुणी बोलत नाही. उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की क्विंटलला ३.४६ रुपये वाढतात. ११.५ टक्के उताऱ्याला क्विंटलचे ३९८.२५, म्हणजे टनाला ३,९८२.५०. आणि हाही हातात येणारा आकडा नव्हे, तोडणी-वाहतूक त्यातूनच कापली जाते. एकक चुकलं तर दहापट फरक.

शब्दखोर
म्हणजे दोष एककाचा, शब्दाचा नव्हे! 'किंमत, रु. प्रति क्विंटल' लिहिलं की तुमचा कारकून सुटला. उलट 'दर'च जास्त घोटाळ्याचा. तो 'रेट'लाही वापरतात: व्याजदर, जन्मदर, विनिमय दर. एकाच ओळीत जीएसटीचा दर टक्क्यांत आणि हळदीचा दर रुपयांत आला की वाचणाऱ्यानं काय समजायचं? त्यात 'दर' म्हणजे 'प्रत्येक'सुद्धा, दररोज, दरमहा. 'दर दर क्विंटल' असा मथळा करणार का?

कृष्णाकाठ
तो 'प्रत्येक'वाला 'दर'च माझा साक्षीदार आहे. शाळेतलं द.सा.द.शे. आठवा, दर साल दर शेकडा. 'दर' कानावर पडला की पुढचा प्रश्न येतो, "कशाला?" क्विंटलला, टनाला, शेकड्याला. 'किंमत' ऐकली की प्रश्न येतो, "कशाची?" पोत्याची, गाडीची, घराची. हे दोन प्रश्न वेगळे आहेत तोवर शब्दही वेगळेच राहणार. जीएसटीपुरतं तुमचं मान्य, तिथं 'कर टक्के' लिहावं.

माणदेशी
दोघेही 'मूल्य' विसरलात, आणि खरा गोंधळ तिथं आहे. मूल्यवर्धित करात मूल्य म्हणजे व्हॅल्यू, कृषिमूल्यात मूल्य म्हणजे प्राइस. 'कॉस्ट'चं तर त्याहून वाईट. तिचं मराठी 'उत्पादन खर्च', पण भाषांतरात सर्रास 'उत्पादन किंमत' येतं. मग आधारभूत किमतीचं वाक्य होतं, "किंमत ही किमतीच्या दीडपट". खर्च कुठला धरायचा हेच तर भांडण आहे! सरकारी हिशोबात खर्च धरायच्या पद्धती वेगळ्या: ए-२ मध्ये रोख व वस्तुरूपानं केलेला खर्च, त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की सरकार दीडपटीला धरतं तो आकडा. सी-२ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही येतं. दीडपट दोन्हींची सांगता येते, आकडे मात्र बरेच लांब पडतात. 'खर्च' हा शब्द गेला की हे भांडणच वाचणाऱ्याला दिसत नाही.
'मोल' मात्र तक्त्यात नको. तो मूल्यापासूनच झालाय, पण आता कष्टाशी चिकटलाय: मोलमजुरी, मोलकरीण. जाहिरातींत हल्ली दिसणारा 'मोलभाव' हिंदीचा, आपली घासाघीस. आणि 'चार्ज' दिसला की किंमत लिहू नका. वीजबिलात स्थिर आकार, वहन आकार असतो, तोच शब्द घ्या. पाण्याची पट्टी, गाडीचं भाडं.

पट्टीवाला
अजून एक राहिलं, उक्तं, म्हणजे न मोजता एकरकमी दिलेलं. चिंचेचं झाड उक्तं दिलं तर वजनच नाही, मग दर कुठला? तिथं फक्त किंमत, तीही झाडाची. अशा ओळीत दराचा रकाना रिकामा ठेवायचा, शून्य टाकायचं नाही. शून्य टाकलं की महिन्याची सरासरी खाली येते, आणि भाव पडला म्हणून ओरड सुरू.

शब्दखोर
उक्त्यापुरतं तुमचं खरं, तिथं दोन रकाने लागणारच. पण कृष्णाकाठ, तुमच्या कसोटीनं हमीभाव हा 'हमीदर' व्हायला हवा. क्विंटलमागे आहे, आणि हंगामभर जागचा हलत नाही. मोर्च्यात "हमीदर द्या" अशी घोषणा देऊन दाखवा, मग बोलू.