रेझिनमध्ये फुलांचा रंग टिकत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फुलं, पानं, बिया वापरून कानातली आणि पेंडंट करते. तारकाम जमतं, साच्यातून रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारा पारदर्शक द्रव) स्वच्छ निघतं, बुडबुडेही आता फारसे छळत नाहीत. अडतंय ते खुद्द फुलांपाशीच.

पहिला प्रश्न गोकर्णाचा. टीपकागदात दाबून वाळवलेली पाकळी छान गडद निळी असते. रेझिन ओतलं की काही तासांत कडेकडेने हिरवट-करडी झाक येते, आणि पुढे उजेडात राहिली की फिकी पडत जाते. त्याच दिवशी, त्याच मिश्रणात टाकलेली झेंडूची पाकळी मात्र जशीच्या तशी! म्हणजे रेझिन खराब नसावं. मग गोकर्णाचंच काय बिनसतं?

दुसरा तगरीचा. पाकळी वाळवून झाल्यावरही पांढरी असते, पण रेझिनमध्ये गेली की तेल लागलेल्या कागदासारखी आरपार दिसते. नुसत्या शिरा उरतात. दिसायला वाईट नाही, पण मला पांढरं फूल हवंय.

तिसरा त्रास म्हणजे काही पाकळ्यांच्या काठाने चंदेरी रेघ दिसते. समोरून कळत नाही, पेंडंट तिरकं धरलं की चमकते.

आणि गुंजेच्या बियांना भोक कसं पाडायचं? कवच फार कडक आहे, सुई घसरते. बारीक ड्रिल वापरावं का?

मी दोन भागांचं इपॉक्सी रेझिन वापरते. यूव्ही (अतिनील) दिव्याखाली घट्ट होणाऱ्या रेझिनकडे वळावं का, तेही सांगा. व्हिडिओ बरेच पाहिले, पण सगळे ‘फूल पूर्ण वाळवा’ म्हणून पुढे जातात. पाकळ्यांना वरून रंग देण्याचा सल्ला कृपया नको, ते करायचं तर कागदाचीच फुलं कापेन.

प्रतिसाद १

बाकीचं नंतर, आधी गुंज. भोक पाडू नका! त्या बीमध्ये अ‍ॅब्रिन नावाचं विष असतं, पेशींमध्ये प्रथिनं तयार होण्याचं कामच ते बंद पाडतं. बी अखंड असताना कडक कवचामुळे ते आतच राहतं, पण ड्रिल लावलं की कवच फुटतं आणि भुकटी हवेत उडते. ती श्वासातून जाऊ शकते, बोटाला जखम असेल तर तिथूनही. शिवाय भोक पाडलेली बी लहान मुलाने तोंडात घातली तर कवचाचं संरक्षण उरलेलं नसतं. घरात मूल असेल किंवा दागिना कुणाला भेट द्यायचा असेल, तर मी अखंड गुंजही वापरणार नाही. लाल-काळा मणीच हवा असेल तर लाकडाचा किंवा काचेचा रंगवून घ्या.

कण्हेरीचंही तेच. पानं, फुलं, बिया, सगळं झाडच विषारी आहे. हाताळायचंच असेल तर हातमोजे घालून, आणि कात्री नंतर धुवून ठेवा.

प्रतिसाद २

गोकर्ण आणि झेंडू यांच्यातला फरक रंगद्रव्याचा आहे. गोकर्णाचा निळा अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. हे द्रव्य आम्ल-अल्कली पाहून रंग बदलतं. घरी करून बघा: गोकर्णाच्या पाण्यात लिंबू पिळलं तर जांभळं-गुलाबी होतं, धुण्याचा सोडा टाकला तर हिरव्याकडे जातं. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये, म्हणजे घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागात, बहुतेक वेळा अमाइन नावाची रसायनं असतात, आणि ती अल्कलीच. तुमची हिरवट झाक तिथून येत असणार. पाकळीत ओल राहिली असेल तर हे आणखी जोरात होतं. झेंडूचा पिवळा-नारिंगी कॅरोटिनॉइड या दुसऱ्या रंगद्रव्याचा, त्याला या अल्कलीचं सोयरसुतक नाही. म्हणून एकाच मिश्रणात एक बिघडतं आणि दुसरं तगतं.

उपाय म्हणजे पाकळीला आधी दोन्ही बाजूंनी पातळ वॉर्निश द्या आणि ते पूर्ण वाळू द्या, म्हणजे हार्डनर थेट भिडत नाही. किंवा गोकर्णापुरतं यूव्ही रेझिन वापरा. ते अ‍ॅक्रिलेट या वेगळ्या जातीचं असतं, वेगळा हार्डनर मिसळावा लागत नाही. 365 ते 405 नॅनोमीटरच्या दिव्याखाली काही मिनिटांत घट्ट होतं. मात्र दिव्याचा उजेड पोहोचेल तिथेच. जाड पाकळीच्या सावलीतलं रेझिन कच्चंच राहतं, म्हणून पातळ थर द्या आणि दागिना उलटा करून मागूनही दिवा दाखवा. वरचा चिकटपणा हवेतल्या ऑक्सिजनमुळे राहतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की जातो.

तगरीचं कारण वेगळं. पांढऱ्या पाकळीत पांढरं रंगद्रव्य नसतंच. पेशींमधल्या हवेच्या पोकळ्यांवरून उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून ती पांढरी दिसते. त्या पोकळ्यांत रेझिन शिरलं की उजेड सरळ पार जातो. इथेही वॉर्निश किंवा पांढरा डिंक पाकळीवर आधी पसरून वाळू द्यायचा, म्हणजे रेझिन आत शिरत नाही. थर बारीक हवा, नाहीतर पाकळी प्लास्टिकची वाटते.

चंदेरी रेघ म्हणजे पाकळी आणि रेझिन यांच्यामध्ये अडकलेली हवा. पाकळीला दोन्ही बाजूंनी ब्रशने रेझिन चोपडून मगच साच्यात ठेवा, आणि एका दमात ओतू नका. इपॉक्सी जाड ओतलं तर स्वतःच तापतं, त्या उष्णतेने पाकळी करपते आणि नवे बुडबुडे येतात.

वाळवण्याबद्दल माझा कल टीपकागदापेक्षा सिलिका जेलकडे (ओल शोषणारे खडे) आहे, विशेषतः जाड पाकळ्यांसाठी. हवाबंद डब्यात फूल खड्यांमध्ये पुरून ठेवा. आकार टिकतो आणि रंगही कमी जातो, कारण पाणी लवकर निघतं. पातळ फुलांना मात्र टीपकागदच बरा, फक्त पहिले काही दिवस कागद बदलत राहा. तोच ओला कागद आठवडाभर तसाच ठेवला की डाग पडतात.

उजेडाने होणारं फिकेपण मात्र थांबत नाही. यूव्ही-रोधक वॉर्निशने ते लांबतं, एवढंच.

प्रतिसाद ३

माझं मत जरा आडवं आहे. फूल रेझिनमध्ये बंद करण्यापेक्षा त्याचा आकार धातूत उतरवा. फ्रेंच दागिनेकार रने लालिकने (1860–1945) चतुर या कीटकाचे पंख दागिन्यात आणले ते सोन्याच्या जाळीत आरपार दिसणारी मीनाकारी भरून. तो शिंगासारखी साधी वस्तूही हिऱ्याशेजारी बसवायचा. त्याचा अर्धी स्त्री, अर्धा चतुर असा सुप्रसिद्ध दागिना लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. त्याचा रंग आजही ताजा आहे, कारण तो पाकळीचा नाही, मीनाकारीतल्या काचेचा आहे.

सुरुवातीला तांब्याचा पातळ पत्रा घ्या. लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलात की तो मऊ पडतो. त्यावर पान ठेवून दोन रोलांच्या यंत्रातून काढलात की शिरा उमटतात. यंत्र नसेल तर सिल्व्हर क्ले आहे: चांदीची भुकटी, पाणी आणि बांधून ठेवणारा सेंद्रिय पदार्थ. पानाच्या मागच्या बाजूला, म्हणजे शिरा उठून दिसतात त्या बाजूला, ब्रशने थरावर थर द्यायचे, पूर्ण वाळवायचे आणि भट्टीत घालायचं. पान जळून जातं, चांदी राहते. आकार साधारण दहा टक्के आक्रसतो, हे मापात धरा.

आणि कानातलं करताना हुककडे लक्ष द्या. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेलने कान सुजणारी माणसं पुष्कळ. टोचलेल्या कानासाठी टायटॅनियम किंवा निओबियमचे हुक सगळ्यात निर्धोक.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. गुंजा डबीत बंद करून वर चिठ्ठी लावली आहे. गोकर्णाची सोड्याची चाचणी लगेच केली, पाणी खरंच हिरवं झालं! आता एक पाकळी वॉर्निश करून आणि एक तशीच, शेजारीशेजारी ओतून बघते.

प्रतिसाद ३, लालिक पटला, पण भट्टी नाही. धातूशिवाय पानाच्या शिरा दागिन्यात आणता येतील का? पिंपळाच्या जाळीदार पानाचं काही करता येईल असं डोक्यात आहे. आणि रेझिनचा वास कमी असला तर हातमोजे नाही घातले तरी चालतं का?

प्रतिसाद २

हातमोजे घालाच, आणि नायट्रिलचे (एक कृत्रिम रबर). वास नसणं म्हणजे निरुपद्रवी असणं नव्हे. कच्चं इपॉक्सी कातडीला लागत राहिलं की एक दिवस अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर साथ सोडत नाही. घासताना पॉलिश पेपर ओला ठेवा, कोरडी धूळ नाकात नको. मास्कही लावा.

पिंपळाची कल्पना उत्तम. पान धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मंद उकळवा. गर मऊ झाला की ताटलीत थोडं पाणी घेऊन, पान त्यात सपाट पसरून मऊ टूथब्रशने हलक्या हाताने सोडवा. हे करताना भांडं स्वयंपाकाचं नसावं, आणि हातमोजे इथेही लागतील. घाई नसेल तर नुसत्या पाण्यात काही आठवडे भिजत ठेवूनही गर सुटतो, फक्त वास भयंकर येतो. जाळी टीपकागदात दाबून वाळवा, मग दोन्ही बाजूंनी रेझिनचा अगदी पातळ हात द्या. देठ अखंड ठेवा आणि कडी तिथेच, तार गुंडाळून बसवा. मधल्या जाळीला भोक पाडलंत तर तिथून फाटत जाते.