पावसाचा खंड आणि धान्य-पाणी: माप, रीत आणि कुठे चुकतं

2023 च्या ऑगस्टमध्ये देशात 1901 नंतरचा सर्वांत कमी ऑगस्टचा पाऊस झाला. पीक फुलोऱ्यात आणि वरून थेंब नाही. मग एका रात्रीत बांध फोडणारा पाऊस. अशा हंगामात धान्य आणि पाणी कसं राखायचं, ते मापासकट लिहा. "काळजी घ्यावी" एवढ्याने कुणाचं भागत नाही. खाली ठिकठिकाणांहून आलेली उत्तरं आहेत.

लातूर, सोयाबीन
घरचं बियाणं असेल तर उगवण तपासल्याशिवाय तिफण जुंपू नका. गोणपाट धुऊन ओलं करा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घालून सैल गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, गोणपाट सुकलं की मोजणी खोटी ठरते. सहा-सात दिवसांनी फक्त धडधाकट कोंब मोजा. 70 असतील तर एकरी 30 किलो, 60 असतील तर 35. त्याहून खूप कमी भरले तर ते बियाणं पेरूच नका.

सोयाबीनचं साल फार पातळ. पोतं आपटलं की दाणा बाहेरून धड दिसतो, पण आतला अंकुर मोडलेला असतो. म्हणून थप्पी सात पोत्यांच्या वर नको, खाली लाकडी फळ्या हव्यात. पेरणी 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावरच, 3-4 सेंमी खोल. पहिल्या सरीला भुललं की दुबार पेरणी आली, आणि तेव्हा चांगलं बियाणं मिळत नाही. दर चार ओळींनंतर एक सरी मोकळी सोडली तर खंडात ओल टिकते आणि अतिवृष्टीत जादा पाणी तिच्यातून निघून जातं.

सोलापूर, रब्बी ज्वारी
एक कोळपणी (ओळींमधली वरवरची मशागत) म्हणजे अर्धं पाणी, असं म्हणतात ते उगाच नाही. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं (अखंड पात्याचं), आठव्यात दातेरी. तोवर रान आवळून येतं, साधी पास वरूनच घसरते. दात असले तरच भेगा बुजतात. काळ्या रानातली ओल त्या भेगांतूनच उडते.

बीड, विहीर पुनर्भरण
शेतातलं गढूळ पाणी थेट विहिरीत सोडणं ही सर्वांत मोठी चूक. गाळाने झरे बुजतात आणि विहीर कायमची मार खाते. विहिरीपासून 3 मीटरवर 2 × 2 × 2 मीटरचा खड्डा घ्या, त्याच्या अलीकडे 1.5 × 1 × 1 मीटरचा लहान. लहान खड्ड्यात पाण्याचा वेग मोडतो आणि जड गाळ तिथेच बसतो. मोठ्याच्या तळातून 4 इंची पीव्हीसी पाइप विहिरीकडे उतार देऊन न्या. खड्ड्यातल्या तोंडाला जाळी बांधा आणि दुसरं टोक विहिरीत फूटभर पुढे काढा, नाहीतर धार कडेला लागून बांधकाम पोखरते. मोठ्या खड्ड्याच्या तळाला मोठे दगड, त्यावर लहान दगड, मग खडी, सर्वांत वर जाड वाळू. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर काढून द्या. दर उन्हाळ्यात वाळूचा वरचा थर खरवडून बदला. हे राहिलं की खड्डा नुसता डबकं होतो.

पिण्याच्या विहिरीबद्दल, वरच्याला जोडून
पुनर्भरणाचं पाणी पिण्याच्या विहिरीत जात असेल तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाळू नका. व्यास 4 मीटर, पाण्याची उंची 3 मीटर, म्हणजे साधारण 37,700 लिटर. 1,000 लिटरला 2.5 ग्रॅमप्रमाणे 94 ग्रॅम पावडर झाली. बादलीत आधी खळ करून मग पाणी घाला, चुना तळाला बसू द्या आणि वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या. ती बादली पाण्याखाली सोडून दोर वर-खाली हलवा. तासाभरानंतरच पाणी भरा. उघड्या पोत्यातल्या पावडरीचा क्लोरीन उडून जातो, तेव्हा मापात टाकूनही उपयोग नसतो. ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरला का ते दाखवणाऱ्या) पिवळा रंग आला तरच खरं.

बार्देश, गोवा, खाजन शेती
खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली भातजमीन. आमच्याकडे प्रश्न उलटा, पाणी आहे पण खारं. समुद्र चढतोय तशी बांधाची उंची आणि मानशीची (बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीची) दारं जास्त महत्त्वाची होतात. भरतीच्या दाबाने दार आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं. मध्ये एक काटकी अडकली तरी रात्रभर खारं पाणी आत येत राहतं. खेकड्यांची बिळं दिसताच चिखल ठेचून बुजवा. बांध तिथूनच फुटतो. पहिल्या पावसाने मीठ धुऊन निघाल्यावरच मोड आलेलं कोरगूट (खारं सोसणारं भात) पेरा. साधं भात तिथे तग धरत नाही, आणि एकदा खारं पाणी साचलं तर मीठ धुऊन निघेपर्यंत ते खाचर मोकळंच ठेवावं लागतं.