लाइन गेली की एमबॉक्स फाइल खराब होऊन राहिली, मेलडिर चालू होत नाही

जिनिंगवाला_वणी:
राम राम मंडळी. आमच्या जिनिंगमधे एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्स), मेल घेणारं पोस्टफिक्स आन मेल वाचायले देणारं डव्हकॉट टाकून आठ-नऊ जणांचे मेल चालवतो. सारे व्हार-मेल फोल्डरमधे, म्हणजे माणसामागे एकच लांबलचक फाइल, त्यालेच एमबॉक्स म्हणतात. आता कापसाचा सीजन, लाइनचा काही भरवसा नाही, यूपीएस पाच मिनिटं टिकते. परवा संध्याकाळी लाइन गेली तेव्हा काट्यावरून वजनाच्या पावतीचं मेल येऊन राहिलं होतं, सकाळी पाहतो तर पावती अर्ध्यातच तुटलेली आन तिच्या खाली दुसऱ्याच व्यापाऱ्याचं मेल चिकटलेलं. एका शेतकऱ्याचा चुकारा त्या पावतीपायी अडला, लय वाईट वाटलं. म्हणून पोस्टफिक्सच्या होम_मेलबॉक्स सेटिंगमधे मेलडिर (दर मेलची वेगळी फाइल) लिहिलं, पोस्टफिक्स रीलोड केलं, तरी मेल जुन्याच फाइलीत पडून राहिले. काय चुकलं?

वऱ्हाडी_रूट:
भाऊ, पोस्टफिक्सच्या सेटिंग दाखवणारी पोस्टकॉन्फ -एन कमांड चालवा आन मेलबॉक्स_कमांडची ओळ पाहा, तिथं प्रोकमेल (मेल वाटून टाकणारा जुना प्रोग्राम) दिसलं तर तेच कारण. डेबियनवर प्रोकमेल टाकलेलं असलं की ही ओळ बऱ्याचदा आपोआप येते आन पोस्टफिक्स ती आधी पाहते, होम_मेलबॉक्सपर्यंत पोचतच नाही. ओळ रिकामी करा. आन मेलडिरच्या शेवटी स्लॅश दिला का? तो नसला तर मेलडिर नावाची एमबॉक्स फाइलच बनते, मी यात अख्खी रात्र घालवली आहे. लॉगमधे डिलिव्हर्ड टू मेलडिर आलं की समजा जमलं. डव्हकॉटलेही नवी जागा सांगा, मेल_लोकेशनमधे, 2.4 असन तर मेल_ड्रायव्हर आन मेल_पाथ अशा दोन ओळी लागतात.
तुमच्यासाठी मेलडिरच बरोबर आहे. एक मेल एक फाइल, आधी टीएमपी फोल्डरमधे पूर्ण लिहून होते मगच न्यू फोल्डरमधे सरकते. मधातच लाइन गेली तर अर्धवट फाइल टीएमपीतच राहते, शेजारच्या मेलले धक्का नाही, आन मूळ मेल पोस्टफिक्सच्या रांगेत असतेच, मशीन चालू झाली की पुन्हा टाकते. बर्नस्टाइन नावाच्या प्रोग्रामरनं आपल्या क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी हे काढलं ते याच्याचसाठी.

पुसदची_ताई:
जुने मेल हलवताना घाई करू नका दादा. आधी पोस्टफिक्स आन डव्हकॉट दोन्ही बंद, व्हार-मेलची कॉपी पेनड्राइव्हवर, मग एमबॉक्सचं मेलडिर करणारं एमबी-टू-एमडी. ज्याचं मेल त्याच्याच यूजरनं चालवा, रूटनं (मशीनच्या मुख्य यूजरनं) चालवलं तर फाइली रूटच्या होतात आन डव्हकॉट उघडतच नाही. आन पॉपवर (मेल आपल्या मशीनवर उतरवून घ्यायची पद्धत) कोणी आहे का ते पाहा. पॉपवाल्याचे मेल सर्व्हरवर ठेवले असतील तर ओळख-नंबर बदलतात आन सारे मेल नव्यानं उतरतात, आमच्याकडे एका सरांचे तीन वर्षांचे मेल डोंगलवर दुपारभर उतरत होते. आयमॅपवाल्याले (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचणाऱ्याले) एवढा त्रास नाही.

जिनिंगवाला_वणी:
प्रोकमेलचीच ओळ होती! स्लॅशही दिला नव्हता. पॉपवाले दोघं होते, त्यांना आधी आयमॅपवर घेतलं, मग ताईंनी सांगितल्यासारखं रविवारी सारं हलवलं. काल रात्री पुन्हा लाइन गेली, सकाळी पाहिलं तर टीएमपीमधे एक अर्धी फाइल आन न्यूमधे तेच मेल पूर्ण, पावतीचा शेवटचा आकडासुद्धा जागेवर. लय उपकार झाले. ती टीएमपीतली हातानं काढू का?

वऱ्हाडी_रूट:
राहू द्या, 36 तास झाले की डव्हकॉट स्वतःच साफ करते.